ॲब्लेशननंतर एएफ परत आलं: दुसऱ्या ॲब्लेशनआधी काय पाहायचं

प्रश्न असा आहे: वय ५८, रक्तदाब आहे पण गोळीवर आटोक्यात. तीन वर्षं अधूनमधून येऊन आपोआप जाणारं एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विस्कळीत, अनियमित ताल). पाच महिन्यांपूर्वी क्रायोबलूननं, म्हणजे गोठवणाऱ्या फुग्यानं, ॲब्लेशन झालं (नळी हृदयात नेऊन एएफ सुरू करणाऱ्या जागांभोवती व्रण करणं). पहिल्या महिन्यात दोनदा जोरात धडधड झाली, मग सगळं शांत. अमिओडॅरोन (ताल आवरणारी गोळी) तीन महिन्यांनी बंद केली आणि त्याच सुमारास रक्त पातळ करणारी गोळीही थांबवली. गेल्या महिन्यात पुन्हा तीनदा धडधड झाली. दोनदा पंधरा-वीस मिनिटांत गेली, एकदा मात्र नाडी सहा तास १४० वर अडकून बसली. एरवीची नाडी पूर्वी ६५ असायची, ती आता ८० असते. दुसरं ॲब्लेशन सुचवलं आहे. पहिलं फसलं का? दुसरं करावं का? रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची का? आणि व्यायाम चालेल का?

उत्तर:

दुसऱ्या ॲब्लेशनची तारीख आज ठरवू नका. नको म्हणा असंही माझं म्हणणं नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला एक नाही, तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी दिसतायत. त्यातली एक निरुपद्रवी आहे, एक मोजायचीच नसते आणि एक बहुधा एएफ नाहीच. कोणती कुठली हे ईसीजीवर उतरल्याशिवाय कुणीही तुम्हाला टेबलावर घेऊ नये. इतकी वर्षं हेच काम करताना माझा पक्का अनुभव आहे की ‘परत आलं’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये परत नेमकं काय आलं याचा एकही कागद नसतो.

आधी सोपं निकालात काढू. एरवीची नाडी ६५ ची ८० झाली, याची काळजी नको. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखापाशी, नाडी संथ ठेवणाऱ्या मज्जातंतूंचे पुंजके असतात. ॲब्लेशन त्याच मुखांभोवती होतं, त्यामुळे हे पुंजकेही थोडेफार निकामी होतात आणि नाडी दहा-पंधरानं वाढते. काही महिन्यांत ती बहुधा खाली येते, काहींची वर्षभर तशीच राहते. थायरॉइडची रक्ततपासणी मात्र एकदा करून घ्या, कारण तुम्ही अमिओडॅरोन घेतली आहे. त्या औषधात आयोडीन भरपूर असतं. थायरॉइड त्यामुळे कधी मंदावतं, कधी भडकतं, आणि भडकलं तर नाडीही वाढते आणि एएफही येतं. साध्या रक्ततपासणीत सापडणारी गोष्ट न बघता कुणाचं दुसरं ॲब्लेशन होणं मला पटत नाही.

पहिल्या महिन्यातल्या दोन धडधडींचा हिशोब धरूच नका. गोठवलेल्या किंवा जाळलेल्या पेशींना सूज येते, हृदयाच्या आवरणाला दाह होतो, मज्जातंतूंचा तोल काही काळ बिघडलेला असतो. या काळात एएफ येणं फार सर्रास आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काहीच होत नाही. म्हणून ॲब्लेशननंतरचा सुरुवातीचा काळ निकालासाठी मोजत नाहीत. पूर्वी तो तीन महिन्यांचा धरायचे, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीत तो आठ आठवड्यांवर आणला. कारण उघड आहे: पहिल्या पंधरवड्यातली धडधड पुढचं फारसं काही सांगत नाही, पण तिसऱ्या महिन्यात येणारी बहुतेक वेळा टिकून राहते. या काळात अमिओडॅरोन दिली की सुरुवातीचा त्रास कमी होतो. सहा महिन्यांनंतरच्या निकालात त्यानं फरक पडत नाही, हे चाचण्यांत दिसून आलंय.

आता अमिओडॅरोनबद्दल एक गोष्ट, जी पेशंटला सहसा कुणी समजावून सांगत नाही. हे औषध चरबीत साठतं आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, अंगात राहतं. तुम्ही ते दोन महिन्यांपूर्वी बंद केलंत आणि त्रास गेल्या महिन्यात सुरू झाला. म्हणजे मधली शांतता ॲब्लेशनची किती आणि औषधाची किती, हे आत्ताच सांगता येत नाही. औषधाचा पडदा दूर होतोय आणि ॲब्लेशनचं खरं रूप आता दिसायला लागलंय, असंही असू शकतं. आणखी थोडं थांबून पाहायला मी सांगतोय त्याचं हे एक कारण.

माझं सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते त्या सहा तासांच्या १४० कडे.

एएफमध्ये नाडी एका आकड्यावर बसत नाही. ११०, १३८, ९६, १५१ अशी उड्या मारत राहते, आणि घड्याळातला आलेख उघडला तर ठिपके वर-खाली विखुरलेले दिसतात. तुमची नाडी सहा तास १४० वर ‘अडकली’ होती. तुमच्या घड्याळातला त्या दिवसाचा आलेख उघडून पाहा. बसलात, आडवे झालात, पाणी प्यायला उठलात, तरी रेघ सपाटच असेल तर ते एएफ नसून फ्लटर किंवा तत्सम एट्रिअल टॅकिकार्डिया असण्याची शक्यता खूप आहे. फ्लटरमध्ये वरच्या कप्प्यात विजेची लाट मिनिटाला साधारण ३०० वेळा एका ठराविक वर्तुळात फिरते आणि खाली दर दुसराच ठोका पोचतो, म्हणून नाडी १५० दिसते. अंगात थोडी अमिओडॅरोन शिल्लक असेल तर वर्तुळ संथ होतं. २८० चं निम्मं १४०. आकडा अगदी चपखल बसतो. निव्वळ घाबरून किंवा ताप येऊन वाढलेली नाडी अशी वागत नाही. ती हळूहळू चढते, हळूहळू उतरते आणि आडवं झाल्यावर कमी होते.

हा फरक मी एवढा ताणून सांगतोय कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते. क्रायोबलून फक्त शिरांच्या मुखांभोवती काम करतो. उजव्या वरच्या कप्प्यातून फिरणारं नेहमीचं फ्लटर त्यानं बंद होत नाही. ते आधीपासून दबा धरून असेल तर एएफ कमी झाल्यावर पुढे येतं. त्यावरचं ॲब्लेशन उजव्या बाजूनंच होतं, दोन कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे जावं लागत नाही, वेळ कमी लागतो आणि यश नव्वद टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे तुम्हाला सुचवलेली ‘दुसरी प्रोसिजर’ प्रत्यक्षात याहून पुष्कळ छोटी निघू शकते. उलट ते डाव्या कप्प्यातलं, पहिल्या ॲब्लेशनच्या व्रणांभोवती फिरणारं वर्तुळ असेल, तर काम किचकट असतं. तेही जमतं, फक्त आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून पुढच्या वेळी सहा तास घरी बसून ते जाण्याची वाट पाहू नका. जिथे बारा लीडचा ईसीजी निघतो अशा कुठल्याही जवळच्या ठिकाणी जा आणि शिरेतून औषध देण्याआधी तो काढून घ्या. पुष्कळदा इमर्जन्सीत औषध आधी दिलं जातं, ताल सुधारतो, सगळे खूश होतात आणि पुरावा जातो. घड्याळाचा एका लीडचा ईसीजीही उपयोगाचा आहे, पण १४० वर अडकलेल्या नाडीत ते हमखास गोंधळतं: ठोके नियमित दिसतात म्हणून कधी सगळं ठीक सांगतं, कधी ‘अनिर्णित’. घड्याळाचा शेरा सोडून द्या आणि पट्टीची पीडीएफ जपून ठेवा. बारा लीडच्या कागदावर खालच्या बाजूचे लीड, म्हणजे दोन, तीन आणि एव्हीएफ, नीट पाहिले की नेहमीच्या फ्लटरच्या करवतीच्या दात्यांसारख्या लाटा दिसतात. ठोके जलद असले की त्या अर्ध्या झाकल्या जातात, तरी सवयीच्या डोळ्याला सापडतात. धडधड महिन्यात दोन-तीनदाच येत असेल तर चोवीस तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावायचं ईसीजी नोंदणारं यंत्र) ती सापडणं नशिबावर आहे. एक-दोन आठवडे छातीला चिकटवून ठेवायचा ईसीजीचा पॅच मागा.

‘फसलं का?’ या प्रश्नाकडे आता वळतो. नियमाप्रमाणे बघायचं तर सुरुवातीच्या काळानंतर ३० सेकंद किंवा त्याहून जास्त एएफ, फ्लटर किंवा एट्रिअल टॅकिकार्डिया नोंदली गेली की तिला पुनरावृत्ती म्हणतात. तीस सेकंद! संशोधनात सगळ्यांनी एकाच मापानं मोजावं म्हणून ही रेघ आखली, पेशंटच्या आयुष्याचा विचार करून नाही. कॅनडातल्या सर्का-डोस चाचणीत ३४६ जणांच्या छातीत कातडीखाली सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. या तीस सेकंदांच्या मापानं वर्षभरात जवळजवळ निम्मे लोक ‘नापास’ झाले. पण एएफमध्ये जाणारा एकूण वेळ ॲब्लेशनच्या आधीच्या तुलनेत ९८ टक्क्यांहून जास्त घटला होता. एकाच चाचणीतल्या त्याच माणसांचे हे दोन आकडे आहेत, आणि कुठला पुढे ठेवायचा त्यावर पेशंटचा चेहरा ठरतो. मी विचारतो ते वेगळंच: ॲब्लेशनआधी महिन्याला किती तास जायचे, आता किती जातात, आणि त्या तासांत तुम्ही कामं करू शकता का? तुमच्या बाबतीत आधीचे आकडे प्रश्नात नाहीत. लिहून काढा. पूर्वी आठवड्यातून दोनदा रात्रभर चालत असेल आणि आता महिन्यात साडेसहा तास, तर पहिलं ॲब्लेशन फसलं असं मी म्हणणार नाही.

अर्थात, तुम्हाला जाणवतं तेवढंच खरं असतं असंही नाही. ॲब्लेशननंतर न जाणवणाऱ्या एएफचं प्रमाण वाढतं, हे यंत्रांच्या नोंदींनी दाखवलंय. म्हणूनही पॅच हवा.

समजा पॅचवर खरोखर एएफच सापडलं. मग ते का आलं? १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की येऊन-जाऊन असणाऱ्या एएफची ठिणगी बहुतांशी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या आतून पडते. त्यांच्या ४५ पेशंटमध्ये सापडलेल्या ६९ जागांपैकी ६५ या शिरांमध्ये होत्या. तेव्हापासून ॲब्लेशनचा गाभा एकच: प्रत्येक शिरेच्या मुखाभोवती अखंड व्रण करायचा, म्हणजे आत ठिणगी पडली तरी ती कप्प्यात पोचणार नाही. अडचण ‘अखंड’ या अटीत आहे. टेबलावर असताना ज्या पेशी मेल्यासारख्या वाटतात त्यातल्या काही फक्त सुन्न झालेल्या असतात. सूज उतरली की त्या शुद्धीवर येतात आणि वहन पुन्हा सुरू होतं. क्रायोबलूननंतर ही फट खालच्या शिरांच्या तळाच्या बाजूला जास्त सापडते, कारण तिथे फुगा नीट टेकत नाही.

दुसऱ्यांदा जातो तेव्हा आम्ही सुरुवातीला काहीच जाळत नाही. गोल कॅथेटर, म्हणजे टोकाशी सिग्नल टिपणारे खांब असलेली बारीक नळी, एकेका शिरेच्या मुखात ठेवून ऐकतो. शिर बंद असेल तर पडद्यावर सपाट रेघ. उघडली असेल तर प्रत्येक ठोक्यापाठोपाठ शिरेचा टोकदार सिग्नल उमटतो. मग कॅथेटरच्या कुठल्या खांबावर तो सगळ्यात आधी येतो ते बघत फटीपर्यंत पोचायचं. डावीकडच्या शिरा आणि डावा अपेंडेज (डाव्या कप्प्याची छोटी पिशवी) यांच्या मधला उंचवटा ही नेहमीची चुकार जागा, तिथे कॅथेटर घसरतो. कधीकधी फट काही मिलिमीटरचीच असते, नेमक्या जागी एक-दोन बर्न दिले की चौथ्या-पाचव्या ठोक्याला सिग्नल नाहीसा होतो. असं काम मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. अशा फटी सापडल्या तर दुसऱ्या ॲब्लेशनचा फायदा चांगला होतो.

पेच पडतो तो चारही शिरा ठणठणीत बंद सापडल्या तर. तंत्र सुधारल्यापासून असे पेशंट वाढत चाललेत. मग ठिणगी दुसरीकडून येते: वरची महाशिर, डाव्या कप्प्याची मागची भिंत, कोरोनरी सायनस (हृदयाची स्वतःची मोठी शीर), मार्शलचा बंध (डाव्या कप्प्यावरचा जुन्या शिरेचा अवशेष). इथे पुरावा पातळ आहे हे स्पष्ट सांगायला हवं. टिकून राहणाऱ्या एएफच्या ५८९ पेशंटवरच्या २०१५ च्या स्टार-एएफ-दोन चाचणीत शिरांखेरीज जास्तीच्या रेघा मारून किंवा जास्तीच्या जागा जाळून काहीही फायदा दिसला नाही. २०२३ च्या कॅप्ला चाचणीत मागची भिंत वेगळी करूनही तेच. या दोन्ही पहिल्या ॲब्लेशनच्या चाचण्या आहेत, तुमच्या परिस्थितीला जशाच्या तशा लागू नाहीत, पण ‘जास्त जाळलं म्हणजे जास्त बरं’ या समजुतीला त्यांनी चाप लावला आहे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: शिरा बंदच सापडल्या तर तुम्ही काय करणार? उत्तरात नकाशा, ठिणगी शोधणं, फ्लटर उठवून बघणं असं काही असेल तर ठीक. ‘बघू तेव्हा’ असेल तर दुसरं मत घ्या.

दुसऱ्या वेळची जोखीम पहिल्यासारखीच. मोठ्या गुंतागुंती शंभरात दोन ते चारांच्या घरात, त्यातल्या बऱ्याच मांडीच्या शिरेपाशी रक्त साचण्याच्या. हृदयाभोवती रक्त जमणं शंभरात एकाच्या आसपास. नव्या पल्स्ड फील्ड तंत्रात (उष्णता किंवा थंडीऐवजी विजेचे झटपट स्पंद देऊन व्रण करणं) अन्ननलिका आणि मज्जातंतू जास्त सुरक्षित राहतात. २०२३ च्या ॲडव्हेंट चाचणीत वर्षभराचं यश मात्र जुन्या तंत्रांच्या बरोबरीचंच निघालं. यंत्राच्या नावावर हुरळून जाऊ नका, हात कुणाचा आहे ते बघा.

तुम्ही वजन आणि झोपेबद्दल काही लिहिलेलं नाही. हे मी प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेकांना ते उपदेश वाटतं. ॲडलेडच्या लेगसी अभ्यासात वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून ते टिकवणाऱ्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापटीनं जास्त होती. एवढा परिणाम असलेलं औषध मिळालं असतं तर आम्ही ते रांगा लावून दिलं असतं. तुम्ही घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोकं जड असेल, किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर झोपेची तपासणी दुसऱ्या ॲब्लेशनच्या आधी. श्वास अडकला की छातीतला दाब खाली जातो, वरचे कप्पे ताणले जातात, आणि हे रात्रीतून शेकडो वेळा होऊ शकतं. त्यावर उपचार न करता फट बुजवली तर नवी ठिणगी पडायला वेळ लागत नाही. दारू घेत असाल तर ती पूर्ण बंद करून बघा. मेलबर्नच्या १४० जणांच्या चाचणीत दारू सोडणाऱ्या गटात ५३ टक्क्यांना एएफ परत आलं, चालू ठेवणाऱ्या गटात ७३ टक्क्यांना.

गोळ्यांचा पर्याय लोक फार लवकर टाकून देतात. ॲब्लेशनआधी जी औषधं चालली नव्हती ती ॲब्लेशननंतर पुष्कळदा चालतात, कारण आता कमी एएफ आवरायचं असतं. फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन चालू शकेल, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू निरोगी आहेत हे इको (हृदयाची सोनोग्राफी) वगैरे करून बघितल्यावर. आणि तुमच्या बाबतीत एक मोठी अट: फ्लटरची शंका असताना ही औषधं एकटी घ्यायची नाहीत. ती वर्तुळ इतकं संथ करतात की दर दुसऱ्या ठोक्याऐवजी प्रत्येक ठोका खाली पोचू शकतो आणि नाडी २०० च्या वर जाते. सोबत बीटा-ब्लॉकरसारखं ठोके रोखणारं औषध हवंच. हा निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा. घरात उरलेली जुनी स्ट्रिप उघडायची नाही.

रक्त पातळ करणारी गोळी. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात तातडीचा भाग आहे. ही गोळी बंद करायची की नाही हे ॲब्लेशन यशस्वी झालं का यावरून ठरत नाही, गुठळीच्या जोखमीवरून ठरतं. ॲब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने ती सगळ्यांनाच लागते. पुढे वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांचे गुण मोजतात. तुमचा रक्तदाबाचा एक गुण आहे. एका गुणाला ‘द्यावी का याचा विचार करा’ असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, दोनला ‘द्या’. कोरियातल्या ८४० जणांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲब्लेशननंतर गोळी थांबवणाऱ्यांचं बरंच चाललं, हे तुमच्या वाचनात येईल. पण त्या चाचणीत किमान वर्षभर एकदाही एएफ न सापडलेलेच लोक घेतले होते. तुम्ही त्यात बसत नाही. सहा तासांचा एक झटका झाला आहे. पुन्हा आला आणि शॉक देऊन ताल सुधारायची वेळ आली, तर गोळी सलग तीन आठवडे चालू नसताना आधी अन्ननलिकेतून इको करून कप्प्यात गुठळी नाही ना हे बघावं लागेल. शॉकनंतरचे निदान चार आठवडे तर ती हवीच. दुसरं ॲब्लेशन ठरलं तरी ती लागणारच. म्हणून सगळं स्पष्ट होईपर्यंत गोळी पुन्हा चालू ठेवण्याकडे माझा कल आहे. पोटात अल्सर, रक्तस्राव असा काही इतिहास असेल तर हिशोब बदलतो. या आठवड्यातच डॉक्टरांशी बोला. धडधड नाही म्हणून मधेच सोडून देऊ नका.

तुमचे पाच महिने होऊन गेलेत, त्यामुळे तुम्हाला फारसं लागू नाही, पण नुकतंच ॲब्लेशन झालेले कुणी वाचत असतील तर: पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत नवं दुखणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी ॲब्लेशन केलेल्या टीमला फोन करा आणि छातीचा सीटी करून घ्या. अन्ननलिका आणि हृदय यांच्यात छिद्र पडणं अतिशय दुर्मिळ आहे, पण जिवावर बेततं. तिथे आधी एंडोस्कोपी करणं धोक्याचं ठरतं, हे दुसरीकडच्या डॉक्टरांना तुम्हालाच सांगावं लागेल. दोन-चार महिन्यांनंतर नवा खोकला, दम किंवा थुंकीतून रक्त आलं तर शिर अरुंद झाली आहे का हे बघायला हवं.

मी तुमचा डॉक्टर असतो तर क्रम असा ठेवला असता: थायरॉइड, इको आणि दोन आठवड्यांचा पॅच लगेच, रक्त पातळ करणारी गोळी चालू, झोपेची तपासणी, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भेट. मधे १४० वाला झटका ईसीजीवर सापडला आणि तो नेहमीचा फ्लटर निघाला, तर मी थांबलो नसतो. ते ॲब्लेशन लवकर केलं असतं आणि त्याच वेळी शिराही तपासल्या असत्या. एएफच निघालं आणि ते वाढत चाललं असेल, तरीही दुसऱ्या ॲब्लेशनच्या बाजूनं माझं मत. महिन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन झटके एवढंच असेल, तर घाई कशाची?

व्यायाम चालू ठेवा. चालणं, सायकल, हलकं वजन उचलणं, सगळं चालेल, दोन शब्द बोलता येतील इतपत दमानं. जोरकस शर्यती पॅचचा निकाल येईपर्यंत थांबवा. व्यायाम करताना नाडी एकदम १४० वर जाऊन थांबल्यावरही खाली आली नाही, तर घड्याळाची पट्टी काढा आणि ईसीजीला जा. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत दुखलं तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.